दोन ठिपके वेगळे दिसण्यासाठी: प्रकाश आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक कसे चालतात

सूक्ष्मदर्शक विकत घ्यायला गेलं की सगळ्यात आधी कानावर पडतो तो पटींचा आकडा: हजारपट, सोळाशेपट, दोन हजारपट. हिशेब खोटा नसतो. १०० पटींच्या ऑब्जेक्टिव्हवर (नमुन्याजवळचं भिंग) २० पटींचा आयपीस (डोळ्याजवळचं भिंग) बसवला की दोन हजारपट होतात. पण १० पटींच्या आयपीसमधून जे दिसत होतं, त्याहून एकही जास्तीचा तपशील त्या दोन हजारपटींत नसतो. मोबाइलवरचा धूसर फोटो बोटांनी कितीही ताणला तरी त्यातल्या गाडीचा नंबर वाचता येत नाही, तसंच हे आहे.

कामाचा आकडा वेगळा आहे. दोन ठिपके एकमेकांच्या किती जवळ आले तरी दोन म्हणून ओळखता येतात, ते किमान अंतर म्हणजे विभेदनमर्यादा. नुसत्या डोळ्याला, पुस्तक धरतो तेवढ्या अंतरावर, ही मर्यादा ०.१ मिलिमीटरच्या आसपास असते. उत्तम प्रकाश सूक्ष्मदर्शकाला ती ०.२ मायक्रोमीटर, म्हणजे २०० नॅनोमीटर आहे. (मिलिमीटरचा हजारावा भाग मायक्रोमीटर, त्याचाही हजारावा भाग नॅनोमीटर.) आता जीवशास्त्रातली मापं शेजारी ठेवून पाहा. तांबडी रक्तपेशी ७ ते ८ मायक्रोमीटरची. क्षयाचा जंतू २ ते ४ मायक्रोमीटर लांब, पण जाडी अर्धा मायक्रोमीटर किंवा त्याहून कमी. कोरोनाविषाणू १०० नॅनोमीटरच्या आसपास, पेशीतला प्रथिनं बनवणारा कण रायबोसोम २५ आणि पेशीभोवतीचं पटल जेमतेम ७ नॅनोमीटर. पहिल्या दोन गोष्टी प्रकाशाच्या हद्दीत येतात, क्षयाचा जंतू अगदी काठावर. बाकीच्या तीन गोष्टी कितीही महागडं भिंग आणलं तरी साध्या प्रकाशात उलगडत नाहीत.

प्रकाश कुठे अडतो

याचं कारण भिंग घासणाऱ्याच्या कौशल्यात नाही, प्रकाशाच्या लहरीपणात आहे. बारीक वस्तूवरून जाताना प्रकाश फाकतो. याला विवर्तन म्हणतात. वस्तूतला तपशील जितका बारीक, तितका प्रकाश जास्त कोनात फाकतो. तो फाकलेला प्रकाश भिंगात शिरला तरच तो तपशील प्रतिमेत उतरतो. बाहेरून निघून गेला तर तपशीलही गेला. जर्मनीतल्या येना इथे अर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्ये हे मांडलं, आणि त्यातून एक साधं सूत्र आलं. विभेदनमर्यादा म्हणजे ०.६१ गुणिले प्रकाशाची तरंगलांबी, भागिले भिंगाचा न्युमेरिकल अ‍ॅपर्चर. (इथला ०.६१ हा गुणक लॉर्ड रॅले यांच्या निकषातला आहे. आबेंच्या मूळ सूत्रात तो ०.५ आहे.)

न्युमेरिकल अ‍ॅपर्चर म्हणजे भिंग किती रुंद कोनातला प्रकाश गोळा करतं त्याचं माप. ते ऑब्जेक्टिव्हच्या अंगावरच कोरलेलं असतं. ४०/०.६५ असं लिहिलेलं असेल, तर ४० पट मोठेपण आणि ०.६५ अ‍ॅपर्चर. हिरवा प्रकाश ५५० नॅनोमीटरचा धरला, तर १०/०.२५ या भिंगाची मर्यादा सुमारे १.३ मायक्रोमीटर येते, ४०/०.६५ ची सुमारे अर्धा मायक्रोमीटर आणि १००/१.२५ ची सुमारे ०.२७. उपयोगी मोठेपण अ‍ॅपर्चरच्या ५०० ते १००० पट, एवढा ठोकताळा लक्षात ठेवावा. म्हणजे १.२५ च्या भिंगाला १२५० पटींच्या पुढे ताणण्यात अर्थ नाही. विकत घेताना पटींऐवजी हा आकडा विचारा.

हवेत हा अ‍ॅपर्चर १ च्या वर जाऊच शकत नाही, प्रत्यक्षात ०.९५ ला थांबतो. काचेतून हवेत शिरताना तिरके किरण आणखी बाहेर वळतात आणि बरेचसे भिंगाला चुकवतात. म्हणून १०० च्या ऑब्जेक्टिव्हला इमर्शन ऑइल लागतं. त्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाशाला वळवण्याचं माप, १.५१५ असतो, काचेइतकाच, त्यामुळे किरणांना काच संपल्याचं कळतच नाही. ते सरळ भिंगात जातात आणि अ‍ॅपर्चर १.२५ ते १.४ पर्यंत पोहोचतो. १०० चं भिंग तेलाशिवाय वापरलं तर चित्र मोठं दिसतं आणि मऊ, धुकट राहतं. उलट चूकही वरचेवर होते: तेल लावलेल्या स्लाइडवर ४० चं भिंग फिरवून आणायचं. ते कोरडं भिंग आहे. त्याच्या टोकावर तेल चढलं की पुढच्या सगळ्या स्लाइड धूसर दिसतात, आणि दोष स्लाइडला दिला जातो. तेल लगेच लेन्स पेपरने टिपावं. रुमाल, कापूस किंवा टिश्यू वापरला तर भिंगावरच्या थराला ओरखडे पडतात.

त्याच भिंगावर १६०/०.१७ असंही कोरलेलं सापडेल. १६० म्हणजे नळीची लांबी मिलिमीटरमध्ये (नव्या उपकरणांत त्या जागी अनंताचं चिन्ह असतं), आणि ०.१७ म्हणजे कव्हरस्लिपची, नमुन्यावर ठेवायच्या पातळ काचेची, जाडी मिलिमीटरमध्ये. भिंग तेवढी काच मध्ये आहे असं धरूनच घडवलेलं असतं. रक्ताच्या उघड्या स्मिअरवर (स्लाइडवर पसरलेला पातळ थर) कव्हरस्लिप नसते, त्यामुळे ४० खाली चित्र नीट लागत नाही, मात्र तेलाखाली १०० वर लख्ख दिसतं. कारण तेल आणि काच यांचा अपवर्तनांक सारखाच, मग कव्हरस्लिप असो वा नसो. ४० वर पाहायचंच असेल तर स्मिअरवर तेलाचा एक थेंब ठेवून वर कव्हरस्लिप टाकावी. स्लाइड उलटी ठेवली गेली तर ४ आणि १० वर फोकस होतं, ४० वर कठीण जातं आणि १०० वर होतच नाही. सव्वा मिलिमीटर जाड काच मध्ये येते आणि १०० च्या भिंगाला फोकसच्या वेळी मिळणारी जागा साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटरच असते. अशा वेळी नॉब जोराने फिरवत राहिलं तर स्लाइड फुटते किंवा भिंग खरवडतं.

खालून येणारा प्रकाश

महागडं ऑब्जेक्टिव्ह घेऊन कंडेन्सर (स्लाइडखालचं, प्रकाश एकवटणारं भिंग) तळाला पडलेला ठेवणं, ही प्रयोगशाळांत सर्रास दिसणारी नासाडी आहे. वरचं भिंग रुंद कोनातला प्रकाश घ्यायला तयार असतं, पण खालून तितक्या रुंद कोनात प्रकाश पोहोचायलाही हवा. ते काम कंडेन्सरचं. जुळवणीची पद्धत आउगुस्ट कोलर यांनी १८९३ मध्ये दिली आणि ती आजही तशीच वापरतात. १० च्या भिंगाखाली स्लाइड फोकस करा. दिव्याजवळचा फील्ड डायफ्रॅम (लहानमोठं करता येणारं छिद्र) पूर्ण मिटा. कंडेन्सर वरखाली करून त्या डायफ्रॅमच्या कडा धारदार दिसतील असं बघा, स्क्रूंनी तो उजेडाचा तुकडा मधोमध आणा आणि डायफ्रॅम दृश्याच्या कडेबाहेर जाईपर्यंतच उघडा. मग आयपीस काढून नळीत डोकावा. आत दिसणाऱ्या उजेडाच्या गोलाचा दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश भाग भरेल इतका कंडेन्सरचा डायफ्रॅम ठेवा. भिंग बदललं की हा शेवटचा भाग पुन्हा करायचा.

कॉलेजच्या साध्या सूक्ष्मदर्शकाला फील्ड डायफ्रॅम नसतो. तिथे कंडेन्सर जवळजवळ पूर्ण वर, स्लाइडच्या अगदी खाली आणून ठेवावा आणि डायफ्रॅम तेवढा जुळवावा. उजेड जास्त वाटला तर दिव्याचं बटण कमी करा. डायफ्रॅम मिटून उजेड कमी केला तर कडा ठळक, काळ्या आणि छान वाटायला लागतात, पण ते विवर्तनाचे पट्टे असतात. अशा चित्रात जंतूभोवती नसलेलं आवरण दिसू शकतं.

दिसण्यासाठी फरक लागतो

विभेदन मिळालं तरी काम संपत नाही. जिवंत पेशी बहुतेक पाणी असते आणि जवळपास पारदर्शक असते. आजूबाजूपेक्षा गडद, फिकट किंवा वेगळ्या रंगाचं काही नसेल तर डोळ्याला पकडायला काही उरत नाही. रुग्णालयात ऊतीचा तुकडा १० टक्के बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात, पॅराफिनच्या ठोकळ्यात बसवतात, मायक्रोटोमवर ३ ते ५ मायक्रोमीटरचे काप काढतात आणि हिमॅटॉक्सिलिन-इओसिनने रंगवतात. केंद्रक निळं-जांभळं, बाकीचा पेशीद्रव गुलाबी. फॉर्मॅलिनचं प्रमाण तुकड्याच्या किमान दहापट हवं. बाटलीच्या तोंडाशी कोंबलेला मोठा तुकडा मधून कुजतो, आणि मग कोणताही रंग त्याला वाचवत नाही.

अशा तयारीत पेशी मरते. जिवंत पेशी पाहायची तर फेज कॉन्ट्रास्ट. पेशीचा अपवर्तनांक पाण्यापेक्षा किंचित जास्त असतो, त्यामुळे तिच्यातून आलेला प्रकाश थोडा मागे पडतो. डोळ्याला हा उशीर कळत नाही. फ्रिट्स झेर्निके यांनी कंडेन्सरमध्ये एक कडं आणि ऑब्जेक्टिव्हमध्ये त्याला जुळणारी चकती बसवून त्या उशिराचं उजेड-अंधारात रूपांतर केलं; १९५३ चं भौतिकीचं नोबेल त्यासाठीच. कडं आणि चकती तंतोतंत एकावर एक आली नाहीत तर चित्र सपाट पडतं, आणि जुळणी बरोबर असली तरी पेशीच्या कडेला उजळ वलय राहतंच. ते वलय पेशीचा भाग नाही.

प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शकात गंमत आणखी पुढे जाते. निळा प्रकाश टाकायचा, नमुन्याला लावलेल्या चमकणाऱ्या रंजकाने सोडलेला हिरवा प्रकाश तेवढा गाळून घ्यायचा, बाकी सगळं काळं. अंधारातला चमकणारा ठिपका विभेदनमर्यादेपेक्षा लहान असला तरी दिसतो, फक्त तो पसरून पाव मायक्रोमीटरचा होतो आणि त्याचा आकार कळत नाही. ‘दिसणं’ आणि ‘उलगडणं’ या दोन गोष्टी इथे वेगळ्या होतात. क्षयनिदानात याचा सरळ फायदा होतो. झील-नील्सन या साध्या, न चमकणाऱ्या रंगातली थुंकीची स्लाइड तेलाखाली १०० च्या भिंगाने पाहावी लागते आणि ‘जंतू नाहीत’ म्हणण्याआधी १०० क्षेत्रं तपासावी लागतात. ऑरामीन या चमकणाऱ्या रंजकाने रंगवलेली स्लाइड २० किंवा ४० च्या भिंगाखाली बघता येते, कारण काळ्या पार्श्वभूमीवर चमकणारी काडी दुरूनही सापडते. एका नजरेत कितीतरी मोठं क्षेत्र येतं आणि वेळ वाचतो. तरीही मिलिलिटरमागे साधारण पाच ते दहा हजार जंतू असल्याशिवाय थुंकीच्या तपासणीत ते भरवशाने सापडत नाहीत, ही मर्यादा भिंगाची नाही, नमुन्याची आहे.

पसरलेल्या ठिपक्याचं केंद्र मात्र फार नेमकं काढता येतं. एका वेळी थोडेच रेणू चमकवायचे, प्रत्येकाचं केंद्र टिपायचं आणि अशा हजारो चौकटींतून चित्र रचायचं, या युक्तीने २० ते ३० नॅनोमीटरपर्यंत जाता येतं. २०१४ चं रसायनशास्त्राचं नोबेल एरिक बेट्झिग, श्टेफान हेल आणि विल्यम मोर्नर यांना अशाच वाटांसाठी मिळालं.

इलेक्ट्रॉन: छोटी लहर, अवघड भिंग

तरंगलांबी कमी करणं हा दुसरा रस्ता. लुई द ब्रॉय यांनी १९२४ मध्ये धावत्या इलेक्ट्रॉनलाही तरंगलांबी असते असं मांडलं, आणि १९३१ मध्ये बर्लिनमध्ये एर्न्स्ट रुस्का आणि माक्स क्नोल यांनी चुंबकीय भिंगं वापरून पहिला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक उभा केला. रुस्कांना नोबेल मिळालं ते थेट १९८६ मध्ये.

१०० किलोव्होल्टने ढकललेल्या इलेक्ट्रॉनची तरंगलांबी ०.००३७ नॅनोमीटर असते, हिरव्या प्रकाशाच्या सुमारे दीड लाखावा भाग. मग विभेदनही दीड लाखपट सुधारायला हवं होतं. ते हजारपटच सुधारतं. याचं उत्तर त्याच जुन्या सूत्रात आहे. तेलातलं चांगलं भिंग मधल्या रेषेपासून ६७ अंशांपर्यंतचा प्रकाश गोळा करतं. चुंबकीय भिंगात मात्र कडेचे इलेक्ट्रॉन मधल्यांपेक्षा जास्त वळतात आणि एका बिंदूत येत नाहीत. काचेच्या भिंगात हा दोष दुसरं भिंग जोडून घालवता येतो, साध्या गोल चुंबकीय भिंगांत नाही. म्हणून छिद्र लहान करून फक्त अर्ध्या अंशाच्या आसपासचे इलेक्ट्रॉन घेतात. सूत्रात आकडे घाला: ०.६१ गुणिले ०.००३७ भागिले ०.०१, उत्तर साधारण ०.२ नॅनोमीटर. दोष दुरुस्त करणारी खास भिंगं आता आहेत, पण पेशींच्या कापांत तेवढ्याची गरजही पडत नाही. कापांमध्ये नमुन्याच्या तयारीमुळेच मर्यादा २ नॅनोमीटरच्या आसपास येते.

यंत्राची मांडणी प्रकाश सूक्ष्मदर्शकासारखीच, उलटी टांगलेली. वर इलेक्ट्रॉन सोडणारी टंगस्टनची तार, त्याखाली कंडेन्सर भिंगं, नमुना, ऑब्जेक्टिव्ह, प्रतिमा वाढवणारी भिंगं आणि तळाला चमकणारा पडदा किंवा कॅमेरा. आत हवा असेल तर इलेक्ट्रॉन तिच्या रेणूंवर आपटून विखुरतील, म्हणून सगळी नळी निर्वात. निर्वातात पाणी टिकत नाही, त्यामुळे नेहमीच्या पद्धतीत जिवंत पेशी ठेवताच येत नाही. आणि इलेक्ट्रॉन जाड वस्तूतून आरपार जात नाहीत, म्हणून काप ६० ते ९० नॅनोमीटरचाच हवा. १० मायक्रोमीटरच्या एका पेशीचे असे शंभराहून जास्त काप होतात. एका कापात न दिसलेली गोष्ट पेशीत नाहीच, असं म्हणता येत नाही.

खरा कस लागतो तो नमुना तयार करताना. ऊती काढल्यावर मिनिटभरातच एक मिलिमीटरहून लहान तुकडे करून, पेशी आहे तशी टिकावी म्हणून, २.५ टक्के ग्लुटराल्डिहाइडमध्ये टाकायचे, ०.१ मोलर बफर, सामू ७.२ ते ७.४. तुकडा मोठा ठेवला तर हे द्रावण आत पोहोचेपर्यंत मायटोकाँड्रिया फुगून पांढऱ्या पडतात, आणि तो आजार समजला जाऊ शकतो. दोन ते चार तासांनी धुऊन १ टक्का ऑस्मियम टेट्रॉक्साइडमध्ये तासभर. ऑस्मियम पटलांतल्या मेदांना पकडतो आणि स्वतः जड मूलद्रव्य असल्याने त्यांना गडदही करतो. त्याची वाफ डोळ्याच्या पारदर्शक पटलाला इजा करते, म्हणून फ्यूम हूडशिवाय बाटली उघडायची नाही. मग ३०, ५०, ७०, ९०, १०० टक्के अशा चढत्या इथेनॉलमध्ये पाणी काढायचं, इपॉक्सी रेझिन भरायचं आणि ६० अंशांवर दोन दिवस भाजायचं. पाण्याचा अंश मागे राहिला तर रेझिन आत शिरत नाही आणि कापाला भोकं पडतात. ठोकळा कापताना तुटायला लागला तर आधी इथेनॉलची शेवटची पायरी तपासा.

काप काचेच्या किंवा हिऱ्याच्या सुरीने काढतात आणि ते पाण्यावर तरंगतात. जाडी मोजायला मोजपट्टी नको, रंग पुरे: राखाडी म्हणजे ६० नॅनोमीटरच्या आत, रुपेरी म्हणजे ६० ते ९०, सोनेरी म्हणजे त्याहून जाड. रुपेरी काप ३ मिलिमीटरच्या तांब्याच्या जाळीवर उचलून युरेनिल अ‍ॅसिटेट आणि लेड सायट्रेटने रंगवायचे. इथे रंग म्हणजे जड अणू. कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन इलेक्ट्रॉनला फारसे विचलित करत नाहीत. युरेनियम आणि शिसं त्यांना दूर फेकतात, ते छिद्रात अडतात आणि तिथे चित्र काळं पडतं. म्हणून हे चित्र कायम करडंच असतं. छापील चित्रांतले रंग संगणकावर भरलेले असतात. लेड सायट्रेट हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून शिशाच्या कार्बोनेटचे काळे कण टाकतं. त्यामुळे झाकलेल्या पेट्री डिशमध्ये सोडियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या ठेवूनच हे रंगवावं, आणि त्या वेळी डिशवर श्वास सोडू नये.

विषाणूंसाठी छोटा रस्ता आहे: निगेटिव्ह स्टेनिंग. कार्बनचा थर दिलेल्या जाळीवर नमुन्याचा थेंब, मग १ ते २ टक्के फॉस्फोटंगस्टिक आम्ल, जादाचं टिपून घ्यायचं. कण पांढरे, पार्श्वभूमी गडद, आणि काम काही मिनिटांत. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने २०२० च्या सुरुवातीला केरळमधल्या रुग्णाच्या घशातल्या स्वॅबमधून कोरोनाविषाणूचे मोजके कण असेच टिपले. ते ७० ते ८० नॅनोमीटरचे होते. त्याच वर्षी अनेक देशांतून मूत्रपिंडाच्या कापांत ‘विषाणू’ दिसल्याचे दावे आले आणि त्यांतले काही जाणकारांनी खोडून काढले. क्लॅथ्रिन या प्रथिनाचं आवरण असलेल्या पेशीतल्या नेहमीच्या पिशव्याही त्याच मापाच्या आणि काटेरी कडांच्या दिसतात. माप आणि आकार जुळणं पुरेसं नसतं; कण पेशीत कुठे आहे, त्याचा आतला भाग कसा आहे, हेही पाहावं लागतं.

रसायनं आणि जड धातू टाळून पाण्यासकट नमुना बघण्याची वाट क्रायो, म्हणजे अतिथंड, पद्धतीने उघडली. पातळ थर द्रव इथेनमध्ये झटकन बुडवला की पाण्याला स्फटिक व्हायला वेळच मिळत नाही, ते काचेसारखं गोठतं. द्रव नायट्रोजन थेट वापरत नाहीत, कारण तो नमुन्याभोवती लगेच उकळतो आणि वाफेच्या थरामुळे गोठणं मंदावतं. झाक द्युबोशे, योआखिम फ्रांक आणि रिचर्ड हेंडरसन यांना २०१७ चं नोबेल याच क्षेत्रासाठी मिळालं.

पृष्ठभाग पाहायचा असेल तर स्कॅनिंग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक. यात इलेक्ट्रॉनचा बारीक झोत नमुन्यावर ओळीओळीने फिरतो आणि वरच्या काही नॅनोमीटरमधून सुटणारे दुय्यम इलेक्ट्रॉन मोजले जातात. मऊ ऊती हवेत वाळवली तर पाण्याचा पृष्ठताण तिला चुरगाळतो. त्यासाठी द्रव कार्बन डायऑक्साइड भरून ३१ अंश आणि ७३ वायुमंडलीय दाब यांच्या वर नेतात, जिथे द्रव आणि वायू यांच्यातली सीमाच नाहीशी होते, आणि मग दाब हळूहळू सोडतात. परागकण आणि कीटकांना बहुधा याची गरज नसते. नंतर सोन्याचा १० नॅनोमीटरच्या आसपासचा थर, कारण वीज वाहून न नेणाऱ्या पृष्ठभागावर इलेक्ट्रॉन साचतात आणि चित्र पांढरं भगभगीत होऊन सरकतं. तसं झालं तर आधी नमुना आणि स्टब (नमुना चिकटवायची धातूची बैठक) यांच्यामधला कार्बन टेप किंवा सिल्व्हर पेस्टचा जोड तपासा, मग व्होल्टेज कमी करून बघा.

एकाच सुईतून तीन तुकडे

मूत्रपिंडाच्या बायोप्सीत ही सगळी यंत्रं एकत्र कामाला लागतात. लहान मुलांत लघवीतून भरपूर प्रथिनं जातात, अंगावर सूज येते, आणि प्रकाश सूक्ष्मदर्शकाखाली मूत्रपिंडातली रक्ताची गाळणी जवळपास निरोगी दिसते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात मात्र गाळणीवरच्या पोडोसाइट पेशींचे पायांसारखे बारीक फाटे एकमेकांत मिसळून सपाट झालेले दिसतात. प्रकाशात जवळपास काहीच बदल दिसत नाही, आजाराचं नावच त्यावरून पडलं: मिनिमल चेंज डिसीज. ते फाटे काही शे नॅनोमीटरचे आणि त्यांच्यामधली फट चाळीसेक नॅनोमीटरची, म्हणून प्रकाशात काही कळत नाही. मुलांत बहुतेक वेळा आधी स्टिरॉइड देऊन पाहतात. बायोप्सीची वेळ येते ती त्याने फरक पडला नाही किंवा चित्र वेगळं वाटलं तर.

सुईतून आलेला धागा मिलिमीटरभर जाडीचा. त्याचे भाग तिथेच पाडायचे: मोठा भाग फॉर्मॅलिनमध्ये, एक तुकडा इम्युनोफ्लोरेसन्ससाठी (चमकणारी प्रतिपिंडं लावून केलेली तपासणी) सलाइन किंवा मिशेल द्रावणात, एक मिलिमीटरभर तुकडा ग्लुटराल्डिहाइडमध्ये. चिमटा वापरायचा क्रमही ठरलेला: आधी सलाइनचा तुकडा, मग बाकीचे. फॉर्मॅलिन किंवा ग्लुटराल्डिहाइड लागलेला चिमटा सलाइनच्या तुकड्याला लागला तर प्रतिपिंडांची चमक बिघडते. फॉर्मॅलिनमधला तुकडा गरज पडली तर पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी वापरता येतो, दर्जा थोडा उतरतो. ग्लुटराल्डिहाइडमध्ये गेलेला तुकडा इम्युनोफ्लोरेसन्ससाठी परत मिळत नाही, कारण तो स्वतःच चमकायला लागतो.